ठवकरचा चिमटा

संक्रांतीचा तिळगूळ चिमट्याने वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचा शेजारी डोमाजी ठवकर. भाकरी उलटायचा साधा लोखंडी चिमटा, भिलाईतल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेला, पण घासूनपुसून लख्ख ठेवलेला. दारात उभा राहून तो डब्यातला एकेक लाडू चिमट्यात धरायचा, तुमच्या तळहाताच्या वीतभर वर आणायचा आणि सोडून द्यायचा. वर म्हणायचा, "घ्या जी, गोड बोला." पहिल्या वर्षी माझा लाडू हातावर आपटून पायरीवरून घरंगळला आणि कुणाच्या तरी शेळीने तो माझ्यादेखत खाल्ला. शेळी त्या वर्षी गोड बोलली असेल, मी काही बोललो नाही.

सेक्टरातली पोरं त्याला चिमटाकाका म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. पेपरमिंटच्या गोळ्या असोत, बोरं असोत की भाजलेल्या शेंगा, तो पोरांना बोलावून बोलावून वाटायचा, पण सगळं चिमट्याने. एखादं पोर लाडात येऊन अंगाला बिलगायला लागलं की तो असा मागे सरायचा, की पोराला खरूज झालीय की काय अशी शंका पाहणाऱ्याला यावी.

त्या दिवसांत भिलाईत सगळंच नवं होतं. रस्त्याकडेची झाडं गुडघ्याएवढी आणि क्वार्टर्स सगळी एकाच साच्यातली. पाळी संपवून आलेली माणसं खुशाल दुसऱ्याच्या घरात शिरून बूट काढायची. एकदा एक सरदारजी आमच्या खाटेवर येऊन बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ते निमूटपणे आणून दिलं. भिंतीवरचा गणपती दिसला तेव्हा कुठे त्यांना घर चुकल्याचं कळलं. ठवकरचं दार मात्र कुणी कधी चुकलं नाही. त्याच्या पायरीवर पाण्याची बादली, तांब्या आणि लाल साबणाची वडी कायम मांडलेली असायची. गणपतीची वर्गणी मागायला जा की सत्यनारायणाचं बोलावणं करायला जा, आत पाऊल टाकायच्या आधी हुकूम सुटायचा, "पहिले हात धुवा जी." आपण हात धुऊन आत गेलो की तो बाहेर येऊन स्वतःचे धुवायचा. आपण निघालो की परत धुवायचा.

त्याचं कामच तसं होतं. पोलादाच्या कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या शॉपमध्ये तो होता. भट्टीत हवा किती चालली, गॅसचा दाब किती, हे दाखवणाऱ्या मीटरांत तेव्हा पारा भरलेला असे. तो पारा काढायचा, गाळायचा, परत भरायचा, हे ठवकरचं काम. एका रशियन उस्तादाने त्याला ते शिकवलं होतं. उस्तादाला हिंदी येत नव्हती आणि ठवकरला रशियन, त्यामुळे शिकवणी सगळी हातवाऱ्यांनी झाली. पारा सांडला की त्यावर गंधकाची पूड टाकायची, बोटाने शिवायचं नाही, अंगावर सोनं घालून कामाला यायचं नाही. उस्ताद आपल्या देशी परत गेला, पण हातवारे इथेच राहिले. पाऱ्याचं नाव काढलं की ठवकर अजून दोन्ही पंजे छातीशी घेऊन मान हलवायचा.

खिशात त्याच्या एक पत्र्याची डबी असे. आम्हाला वाटायचं तंबाखू. चारचौघांत बसल्यावर कुणी मागितली तर तो खिशावर हात ठेवून म्हणायचा, "हे नाही जी देता येत." तंबाखूची चिमूट मागितली तर नाही म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आम्ही त्याला चिक्कूंच्या यादीत टाकून मोकळे झालो.

आणि दुसरी खोड म्हणजे विचारणं. ठवकर सगळ्यांना सगळं विचारायचा. दूधवाल्याला म्हशीचं वय, पोस्टमनला त्याच्या पायाचं दुखणं, माझ्या टाइम ऑफिसच्या साहेबाला साहेब होण्यासाठी काय शिकावं लागतं ते. मी ओशाळून बाजूला ओढलं की म्हणायचा, "विचाराले काय जाते जी?" हे त्याचं पालुपद होतं. खरंही होतं. विचारायला काहीच जात नाही, पण ठवकरबरोबर उभं राहणाऱ्याची अब्रू जाते.

बायकोला आणि मुलीला मात्र त्याने गावी ठेवलं होतं, तुमसरजवळ. हे आम्हाला कुणालाच पटत नव्हतं. क्वार्टर मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं साहेबांच्या मागे फिरत आणि हा मिळालेल्या क्वार्टरमध्ये एकटा भात शिजवून खात होता. पूर्वी वर्षभर त्या दोघी इथे होत्या, असं जुने लोक सांगत. पोर रांगती होती. मग एक दिवस त्याने दोघींना दुर्गला नेऊन गाडीत बसवलं आणि पुन्हा आणलंच नाही. महिन्याकाठी सुट्टी काढून तो गावी जायचा, पण एक रात्र राहून परत. सेक्टरात यावर जे बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुमनचा निकाल त्यातल्या त्यात सौम्य होता. ती म्हणायची, त्या माणसाला लेकरंच आवडत नाहीत. पुरावा म्हणून ती आमच्या मीनूकडे बोट दाखवायची. मीनू जन्मली तेव्हा सगळ्या सेक्टराने येऊन तिला उचलून घेतलं, पण ठवकर पायरीवर बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. सुमनने पोर पुढे केली तर म्हणाला, "तिकूनच दाखवा वहिनी, दिसून राहिली."

ज्याला लेकरं आवडत नाहीत तो माणूस टोचायच्या दिवशी दवाखान्यात लेकरांच्या रांगेत कशाला उभा राहील, हे मात्र सुमनने कधी सांगितलं नाही. ठवकर उभा राहायचा. काखेत पोर नाही, हातात कार्ड नाही, नुसताच. कुणाचं पोर रडून थकलं, कुणाच्या दंडावर गाठ आली, देवीची लस कुणाची फुलली, कुणाची नाही, सगळं त्याला पाठ. दवाखान्याच्या डॉक्टर पाटणकरबाई नागपूरच्या होत्या, स्वभावाने कडक पण मनाने चांगल्या. त्यांनी त्याला एकदोनदा हाकललं, मग नाद सोडला.

तिथेच तो घोळ झाला. बोट कापलं म्हणून पट्टी बांधायला तो गेला असताना ट्रिपलच्या इंजेक्शनचा रिकामा खोका खिडकीत पडलेला होता. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात या तिन्हींवर ते एकच इंजेक्शन तेव्हा नवीनच मिळायला लागलं होतं. ठवकर खोक्यांवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडणारा नव्हे. एक अवघड नाव त्याने अक्षर अक्षर उतरवून घेतलं आणि कारखान्यातल्या लॅबोरेटरीच्या केमिस्टला दाखवलं. केमिस्ट म्हणाला, हे लस नासू नये म्हणून घालतात, पाऱ्यापासून केलेलं असतं. एवढं सांगून केमिस्ट जेवायला गेला. पुढचं ऐकायला ठवकर थांबला नाही.

संध्याकाळी तो पायरीपायरीने फिरला. टोचू नका असं तो कुणालाही म्हणाला नाही. तो फक्त म्हणाला, "त्या दवाईत पारा आहे म्हणते. डॉक्टरीणबाईले विचारा. विचाराले काय जाते?" पण पाऱ्याचा माणूस पाऱ्याचं नाव घेतोय म्हटल्यावर विचारायला कोण थांबतंय? दुसऱ्या दिवशी टोचायला रांग लागायची तिथे कुणीही नव्हतं. सुमनने मीनूचं कार्ड घडी करून उशीखाली घातलं आणि मला स्पष्ट सांगितलं, "माझ्या पोरीच्या अंगात मी पारा घालू देणार नाही. खोकला झाला तर झाला."

खोकला झालाच. आमच्या घरात नव्हे, दोन ओळी पलीकडे एका ओडिया वेल्डरच्या मुलाला. तो खोकला ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. पोर खोकत खोकत निळं पडायचं, मग घशातून एक लांब आवाज काढून श्वास ओढायचं, आणि तो श्वास येईपर्यंत ऐकणाऱ्याचाही अडकायचा. वारा तिकडून असला की आम्हाला घरात ऐकू यायचं. सुमन खिडक्या लावून घ्यायची. मीनू तेव्हा बसायला लागली होती. मी तिच्या छातीला कान लावून बघायचो, आणि मला भयंकर भीती वाटायची.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी तडक ठवकरच्या दारात गेलो, हात न धुता आत शिरलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तुला पोरंबाळं सांभाळायची नाहीत, तुझं काय जातं, आमच्या घरात कशाला आग लावतोस, असं बरंच काही. तो भात ढवळत होता. त्याने स्टो बंद केला.

"भाऊ, मी टोचू नोका नाही म्हणालो," तो म्हणाला. "मी विचारा म्हणालो. कोणीच कावून नाही विचारलं?"

"मग तूच चल उद्या आणि तूच विचार."

"चालतो," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, मीनूला खोकला नाही ना. मी नाही म्हटलं. तेव्हा कुठे त्याने स्टो परत पेटवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे दवाखान्यात गेलो. पुढे सुमन, तिच्या कडेवर मीनू, मागे मी, आणि चार हात अंतर ठेवून ठवकर. आम्ही चाललेलं बघून आणखी काही बाया पोरं घेऊन मागोमाग आल्या. टोचून घ्यायला नव्हे, काय होतं ते बघायला.

पाटणकरबाई आधी चिडल्या. हे पाऱ्याचं कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. सगळ्या माना ठवकरकडे वळल्या, आणि तो पुढे आला. चिडल्या खऱ्या, पण मग त्यांनी बाटलीच आणून व्हरांड्यात सगळ्यांच्या हातात फिरवली. म्हणाल्या, पारा आहे, खोटं कशाला सांगू? ही एका पोराची बाटली नाही, पुष्कळ पोरांची आहे. बुचातून सुई पुन्हा पुन्हा आत जाते. एखाद्या वेळी सुईबरोबर जंतू आत गेला तर बाटलीत वाढेल आणि पुढच्या पोराच्या दंडात पू होईल, ताप मेंदूपर्यंत जाईल. पूर्वी असं होऊन पोरं गेलेली आहेत. ते होऊ नये म्हणून हे औषध घालतात, तेही इतकं थोडं की पोराचं अंग ते हळूहळू बाहेर टाकून देतं. दंड सुजेल, एखादा दिवस ताप येईल, पोर किरकिर करेल. पण त्या वेल्डरच्या पोराचा खोकला तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय.

"थो पारा अन् आमच्या शॉपचा पारा एकच का, बाई?" ठवकरने विचारलं.

बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, पाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये क्लोरीनची टाकी असते, ती फुटली तर काय होतं? माणूस मरते, ठवकर म्हणाला. बाई म्हणाल्या, तोच क्लोरीन मिठात असतो आणि तुम्ही रोज भाजीत घालता. दुसऱ्या कशाशी जोडला गेला की त्याचा गुण बदलतो. तुमचा पारा मोकळा आहे, त्याची वाफ होते. हा बांधलेला आहे आणि कणभर आहे.

ठवकरने बायांकडे वळून सगळं परत सांगितलं, जसंच्या तसं, त्यांच्या भाषेत, कुणाला हिंदीत तर कुणाला छत्तीसगढीत. मग सुमनला म्हणाला, "वहिनी, मी विचारलं. टोचून घ्या." सुमनने माझ्याकडे बघितलंही नाही, बाईंच्या पुढे जाऊन बसली आणि मीनूची बाही वर केली. मीनूने सेक्टर डोक्यावर घेतला. ठवकर भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता, हात पाठीमागे बांधून.

रांग लागली, पोरं रडली, व्हरांडा हळूहळू मोकळा झाला. सुमन मीनूला घेऊन पुढे गेली. मी ठवकरला चल म्हणायला थांबलो, तर तो बाईंच्या टेबलापाशी उभा. खिशातून त्याने ती डबी काढली. झाकण उघडलं तेव्हा तंबाखू नव्हती, पिवळी गंधकाची पूड होती. तीत बोट घालून त्याने एक मणी बाहेर काढला. बारीकसा, पांढरट.

"हे सोनं होय, बाई," तो म्हणाला. "माह्या पोरीच्या गळ्यातलं. शॉपमधून आलो, तिले उचललं, छातीशी धरलं. सकाळी मणी पांढरा. दुर्गचा सोनार म्हणाला, पारा लागला."

बाईंनी हात पुढे केला. मणी हातात घेऊन बघत राहिल्या.

"गळ्यात मणी होता म्हणून दिसलं. पोरीच्या अंगाले किती लागला असंल, थे कोणाले दिसते? तवापासून नाही उचललं जी." मग खाली बघत त्याने विचारलं, "दवाईतला चालते म्हणता. माह्या अंगातला पोरीले किती चालते, थे सांगा ना."

इतकी वर्षं हा माणूस दवाखान्याच्या रांगेत कोणता प्रश्न घेऊन उभा होता, ते मला तेव्हा कळलं.

बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याच्या हिरड्या बघितल्या, दोन्ही हात समोर धरायला लावून बोटं कापतात का ते बघितलं, लघवी तपासायला मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी लिहून दिली. आणि जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला रागच आला, त्याच्यावर नव्हे, कुणावर ते कळेना. पारा माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही. तो कपड्यांच्या शिवणीत बसतो, बुटात बसतो, तिथून घरात येतो. तेव्हा भ्यालात ते बरोबर होतं. पण शॉपचे कपडे आणि बूट शॉपलाच ठेवा, तिथेच साबण लावून आंघोळ करा, धुतलेले कपडे घालून घरी या. मग पोरीला खुशाल घ्या. ते औषधाचं वेगळं, हे वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका.

"घेऊ म्हणता?"

"घ्या," बाई म्हणाल्या. "किती वर्षांची आहे?"

"सहाची झाली," ठवकर म्हणाला. डबी खिशात टाकायच्या ऐवजी तो ती हातातच धरून घरापर्यंत आला. वाटेत त्याने मला काहीच विचारलं नाही.

त्या महिन्यात ठवकरने शॉपमध्ये आंघोळीचा असा काही सपाटा लावला, की त्याच्यामुळे गरम पाणी संपतं म्हणून फोरमनकडे तक्रार गेली. तपासणीत फारसं काही निघालं नाही. क्वार्टरला त्याने स्वतः चुना लावला, फरशी गंधक टाकून धुऊन काढली, सुमनकडून पोरीच्या मापाचा झगा शिवून घेतला. पायरीवरची बादली एक दिवस दिसेनाशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ चुकून त्याच्या घरात शिरले. संक्रांतीच्या आधी तो दोघींना घेऊन आला. बायको सावळी, अबोल. पोर सरू, तेलाने चप्प बसवलेले केस आणि हातात एक छोटी पत्र्याची पेटी. ती पेटी ती कुणाला धरू देत नव्हती.

संक्रांतीला त्याने आम्हाला बोलावलं. दारात हुकूम सुटला नाही. तिळगुळाचा डबा घेऊन ठवकर आला, लाडू उचलून त्याने माझ्या हातावर ठेवला, आणि त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली. खरबरीत, गरम. इतक्या वर्षांत या माणसाच्या हाताला माझा हात कधी लागला नव्हता, हे मला त्या क्षणी समजलं. सुमनला दिला, मीनूला दिला. मीनूने लाडवाबरोबर त्याचं बोटही पकडलं, ते त्याने सोडवून घेतलं नाही.

मग तो सरूपाशी गेला, खाली बसला. सरू आईच्या लुगड्याला धरून उभी होती. त्याने लाडू हातात घेऊन हात पुढे केला. सरूने हाताकडे बघितलं, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि आत पळाली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चिमटा होता. गावी घरात तिला खाऊ द्यायला बाप वापरायचा तो. चिंधीत नीट गुंडाळून आणलेला.

"तुमी विसरले होते बाबा," ती म्हणाली. "मी घेऊन आली."

तिच्या आईने तोंड फिरवलं. पोरीचं काय चुकलं होतं? बापाचा हात तिच्या लेखी तेवढाच होता, आणि तो तिने सांभाळून, पेटीत घालून, गाडीतून आणला होता. आपण फार शहाणपणाचं काम केलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ठवकरने हातातला लाडू डब्यात ठेवला. चिमटा घेतला. त्याच चिमट्याने तोच लाडू उचलून त्याने सरूच्या तळहातावर ठेवला, वीतभर वरून न टाकता, अगदी टेकवून. गोड बोल म्हणायचं त्याला सुचलं नाही, की जमलं नाही, कोण जाणे. तीच म्हणाली, "गोड बोला बाबा," आणि लाडू तोंडात टाकला. मग मोकळ्या झालेल्या हाताने तिने चिमट्याचं टोक धरलं, उगाच, खेळात. दुसरं टोक त्याच्या हातात होतं. ती सोडेपर्यंत त्याने ते सोडलं नाही.